खिडकी आधी, कुंडी नंतर

नव्या फ्लॅटची चावी हातात आली की इंटिरिअरची यादी साधारण ठरलेल्या क्रमानं येते. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, मग लाइट्स आणि पडदे. सगळं बोलून होतं, कोटेशनचा आकडा ऐकून होतो, चहाही संपतो, आणि उठता उठता कुणीतरी म्हणतं, ‘‘मॅडम, थोडी ग्रीनरी पण करा हं. जरा नेचर टच.’’ तोवर बेडरूमच्या अर्ध्या खिडकीवर कपाट आलेलं असतं, गॅलरी हॉलमध्ये घेतलेली असते, पश्चिमेच्या काचांना काळी फिल्म लावायची ठरलेली असते. निसर्गाच्या वाट्याला उरतो सोफा आणि भिंत यांच्यामधला दीड फुटाचा कोपरा. तिथे एक अरेका पाम उभा राहतो. वास्तुशांतीच्या फोटोंत तो छान दिसतो. पुढे त्याची पानं टोकांकडून करपत जातात, खालच्या फांद्या पिवळ्या पडतात, आणि ‘आमच्या हाताला झाडांचा गुणच नाही’ असा निकाल लावून कुंडी जिन्यात जाते.

हे पुस्तक त्या कोपऱ्यापासून सुरू होत नाही. घरात निसर्ग आणायचा म्हणजे झाडं विकत आणायची, हे समीकरण इतकं रुळलंय की त्यावर कुणी थांबून विचारही करत नाही. पण ऊन, वारा, पावसाचा वास, सकाळ-संध्याकाळचा बदलता उजेड हे सगळं दाराशी आलेलंच असतं. भिंतींनी, कपाटांनी, काचांनी आणि सवयींनी आपणच ते बाहेर ठेवतो. त्यातलं किती, कधी आणि कुठून आत येऊ द्यायचं हे ठरवणं, हे घर सजवणाऱ्याचं पहिलं काम. कुंड्या त्यानंतर. पुस्तकातली सगळी प्रकरणं या एकाच मुद्द्याभोवती फिरतात, हे वाचकांना आधीच सांगून ठेवते. ज्यांना फक्त ‘कमी पाण्यात जगणारी दहा झाडं’ हवी असतील त्यांची निराशा होईल.

आपल्याकडची जुनी घरं हे काम कुठलाही गाजावाजा न करता करत. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्याची रस्त्याकडची भिंत जाडजूड, खिडक्या लहान. पण आत शिरलं की मधोमध आभाळ. चौकाभोवती ओसरी, ओसरीमागे खोल्या. दिवसा तापलेली हवा चौकातून वर निघून जाई आणि तिच्या जागी सावलीतली हवा खोल्यांमधून ओढली जाई. रात्री गार झालेली हवा चौकात खाली उतरून बसे. पाऊस पडायचा तो थेट घराच्या पोटात. पन्हळीतून कोसळणारं पाणी दगडी फरशीवरून वाट काढत जायचं आणि ओसरीवर बसलेला माणूस हातभर अंतरावर कोरडा असायचा. घर आणि बाहेर यांच्यामध्ये एक मधली जागा असते, ती ना पुरती घराची ना पुरती बाहेरची, हे ज्ञान त्या ओसरीत होतं. आज ब्रोशरमध्ये ‘सीमलेस इनडोअर-आउटडोअर लिव्हिंग’ छापून त्याचे स्क्वेअर फुटावर पैसे लावतात.

गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांत हीच जागा राजांगण म्हणून येते, मधोमध तुळशीवृंदावन घेऊन. तिथल्या जुन्या घरांची आणखी एक युक्ती मला फार आवडते: शिंपल्यांच्या खिडक्या. काच दुर्मीळ आणि महाग होती त्या काळात चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ओळीनं सरकवून बसवत. त्यातून उजेड येतो, ऊन येत नाही. मे महिन्यातल्या भर दुपारीसुद्धा आतला प्रकाश दुधाळ आणि सगळीकडे सारखा पसरलेला असतो, डोळ्यांवर कुठेच येत नाही. हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे ‘तशीच खिडकी करून द्या’ असा हट्ट कुणी धरू नये. परिणाम हवा असेल तर घासलेल्या काचेनं पुष्कळसा साधतो.

आणि कोकणातलं काचेचं कौल. कौलारू छपरात एखाद्या ठिकाणी मातीच्या कौलाऐवजी त्याच आकाराचं काचेचं कौल बसवतात, बहुधा माजघरावर किंवा स्वयंपाकघरावर, जिथे खिडकी पोचत नाही तिथे. त्यातून एक वीतभर उन्हाचा तुकडा खाली पडतो. सकाळी तो पश्चिमेकडच्या भिंतीवर असतो, मग भिंतीवरून उतरतो, सारवलेल्या जमिनीवरून सरकत सरकत उतरंडीपाशी जातो आणि दुपार कलली की समोरच्या भिंतीवर चढू लागतो. घरातल्या बाया त्याच्यावरून भात चढवायची वेळ ठरवत. ढग आला की तो विझतो, गेला की पुन्हा पेटतो. पौष महिन्यात तो ज्या रेघेनं जातो ती रेघ वैशाखात नसते. धुराचा लोट त्यात शिरला की उन्हाची तिरपी पट्टी हवेत उभी राहिलेली दिसते. एका कौलाच्या किमतीत दिवस, ऋतू आणि आभाळ असं सगळं घरात येतं. अंतर्गत सजावटीत यापेक्षा कमी खर्चात जास्त काम करणारी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. निसर्ग म्हणून आपल्याला जे हवंहवंसं वाटतं, त्यात या बदलाचा वाटा फार मोठा असतो. प्लास्टिकचं गवत कितीही हुबेहूब असलं तरी सकाळी आणि संध्याकाळी ते तसंच दिसतं, म्हणून आठवडाभरात डोळे त्याच्याकडे बघायचं सोडून देतात.

वाड्यांबद्दल आणि कौलांबद्दल इतकं लिहिल्यावर एक सांगायलाच हवं. ‘जुनं ते सोनं’ या पंथाची मी नाही. त्या घरांमधलं माजघर अनेकदा काळोखं असे, स्वयंपाकघरात धूर कोंडलेला असे, आणि घरातला सर्वांत जास्त वेळ बायका नेमक्या याच दोन खोल्यांत काढत. ओसरीवरची मोकळी हवा सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. जुन्या घराकडून उपाय घ्यावेत, त्याची आरती करू नये.

आता आजच्या घराकडे येऊ. बाहेरचं काय आत घ्यायचं आणि काय अडवायचं, हा प्रश्न मुंबईत सर्वांत नेमका मांडला तो वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी. कंबाला हिलवरची त्यांची कांचनजंगा इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, अरबी समुद्र दिसतो तोही तिकडेच. पण दुपारनंतरचं भाजणारं ऊन आणि पावसाळ्यातला आडवा मारा यांचीही तीच बाजू. हवा असलेला आणि नको असलेला, दोन्ही पाहुणे एकाच दारातून येतात. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता: राहत्या खोल्यांभोवती सावलीचा एक थर. कोरियांनी तो थर उंच इमारतीत नेला आणि इमारतीच्या कोपऱ्यांमध्ये दोन मजली उंचीच्या बागगच्च्या कोरून काढल्या. ऊन आणि पाऊस त्या गच्चीत थबकतात, वारा पुढे आत जातो.

ती इमारत अर्थात श्रीमंतांची. पण तिच्यातलं तत्त्व चार फुटी गॅलरीलाही तितकंच लागू पडतं. मुंबई-पुण्यात गॅलरी खोलीत घ्यायची पद्धत इतकी सर्रास आहे की न घेणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. हॉल चार फुटांनी वाढतो हे खरं. पण आता उन्हाशी आणि पावसाशी हॉलची थेट गाठ पडते. मग ऊन येतं म्हणून जाड पडदे, पडद्यांनी भागत नाही म्हणून काचेला फिल्म, फिल्ममुळे अंधार म्हणून दिवसा लाइट, खिडकी उघडली की पाऊस आत येतो म्हणून ती कायमची बंद, आणि बंद खोली कोंदते म्हणून एसी. चार फूट मिळवण्याच्या नादात आपण बाहेरची पुरी बाजू गमावतो, आणि वर म्हणतो, घरात जरा निसर्ग पाहिजे! गॅलरी राखा, हा माझा पहिला सल्ला असतो. दहापैकी नऊ जणांना तो पटत नाही.

बांधकामाच्या नियमांनासुद्धा ही गोष्ट ठाऊक आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीच्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती असावं याचे हवामानानुसार वेगवेगळे आकडे आहेत: दमट उष्ण भागात किमान एक षष्ठांश, कोरड्या उष्ण भागात एक दशांश. म्हणजे रत्नागिरीच्या घराला मोठी खिडकी हवी आणि नागपूरच्या घराला लहान चालते, हे त्यात लिहिलेलंच आहे. खिडकीपासून साडेसात मीटरपेक्षा लांब असलेल्या खोलीच्या भागात उजेड पोचतो असं धरू नये, असंही संहिता म्हणते. साडेसात मीटर हीसुद्धा अगदी टोकाची मर्यादा. प्रत्यक्षात बराच आधी उजेड हात टेकतो.

किती आधी, ते मोजून पाहणं सोपं आहे. मोबाइलवर लक्स मोजायची अ‍ॅप मिळतात. ती फार काटेकोर नसतात, पण तुलनेला पुरतात. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो. ऑफिसात वाचायला-लिहायला तीनशे ते पाचशे लक्स चांगले मानतात. उत्तरेच्या खिडकीच्या कठड्यावर आकडा हजारांत असतो, आणि दोन-तीन पावलं आत सरकलात की तो झपाट्यानं खाली येतो. सोफ्याच्या कोपऱ्यात पन्नाससुद्धा भरत नाहीत. आपल्याला मात्र हे जाणवतच नाही, कारण डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते आणि मेंदू ‘छान उजेड आहे की’ असं सांगून मोकळा होतो. झाडाला अशी सोय नाही. ते येणाऱ्या प्रत्येक कणावर अन्न शिजवतं, आणि पन्नास लक्समध्ये त्याची चूल पेटत नाही. अरेका पामचं करपणं बरंचसं इथे सुरू होतं. उजेड कमी म्हणून झाड पाणी ओढत नाही, माती ओली राहते, वर रोज पाणी घातलं जातं आणि मुळं कुजतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या माळीमामांचं वाक्य आहे, ‘‘ताई, लोक सकाळी स्वतः चहा घेतात तेव्हा झाडालापण पाजतात. त्याला तहान लागलीय का हे कोण बघतंय?’’ बोट दोन पेरं मातीत खुपसून बघणं, यापलीकडे त्यांचं कुठलंही उपकरण नाही.

‘इनडोअर प्लांट’ म्हणून नर्सरीत जे मिळतं ते निसर्गानं घरासाठी बनवलेलं नसतं. त्यातली बहुतेक झाडं उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी. म्हणून ती आपल्या खोल्यांमध्ये तग धरतात. तग धरणं आणि वाढणं यांत फरक किती, हे पाहायचं असेल तर मनीप्लँट पाहावा. हा मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा. आपल्याकडे तो फ्रिजवरच्या बाटलीत वर्षानुवर्षं पाच-सहा पानं घेऊन लोंबकळत असतो. पान तळहाताएवढं, बदामाच्या आकाराचं, गुळगुळीत. त्याच वेलाचा एक तुकडा कुणीतरी सोसायटीच्या कुंपणाशी, पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यापाशी टाकून दिलेला असतो. तो खोडाला मुळं रोवत वर चढतो आणि वर चढेल तसं त्याचं पान मोठं होत जातं. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर ते सुपाएवढं असतं, कडेनं फाटत गेलेलं, पिवळ्या फराट्यांचं. खोडही मनगटाएवढं जाड. नवख्याला ते वेगळंच झाड वाटतं. चढायला खोड आणि वरून उजेड मिळाला की हा वेल प्रौढ होतो. बाटलीत तो कायम लहान मूल राहतो. घरातसुद्धा त्याला काथ्या गुंडाळलेली काठी दिली, ती ओलसर ठेवली आणि कुंडी खिडकीपाशी सरकवली तर पान वर्षभरात लक्षात येण्याइतकं वाढतं. खर्च शे-दोनशे रुपये. त्याच भिंतीवर पंचवीस हजारांचं प्लास्टिकच्या पानांचं पॅनेल लावणारी घरं मी पाहिली आहेत.

निसर्ग पाहिल्यानं माणसाला बरं वाटतं, याला शास्त्राचा आधार काय, असा प्रश्न येतोच. या विषयात सर्वांत जास्त उल्लेख होतो तो रॉजर उलरिख यांच्या एका छोट्या अभ्यासाचा. तो १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. रुग्ण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. वय, लिंग वगैरे जुळवून त्यांनी २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि त्यांच्याबद्दल नर्सनी नोंदवलेल्या तक्रारीही कमी होत्या. अभ्यास लहान आहे, एकाच रुग्णालयातला आहे, त्यावर मोठे मनोरे रचू नयेत. पण एक गोष्ट त्यातून सहसा कुणी उचलत नाही: रुग्णांना दिसणारी ती झाडं कुंडीत नव्हती. ती बाहेर होती. खोलीत होती ती खिडकी, आणि खाटेवरून बाहेर दिसत होतं.

त्याच वर्षी एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञाचं ‘बायोफिलिया’ हे पुस्तक निघालं. सजीवांकडे ओढा असणं माणसाच्या घडणीतच आहे, असं त्याचं म्हणणं. आज आर्किटेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये ‘बायोफिलिक’ ही जी पाटी झळकते तिचं मूळ बरंचसं इथलं.

दुसरा अभ्यास मात्र पुरता वेड्यावाकड्या मार्गानं घरोघर पोचला. नासाच्या बिल वोल्व्हर्टन यांनी १९८९ मध्ये बंद पेट्यांमध्ये झाडं ठेवून ती बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी रसायनं हवेतून किती शोषतात हे मोजलं. पेटी हवाबंद आणि लहान होती, त्यामुळे आकडे उत्तम आले. तिथून ‘नासानं सांगितलेली हवा शुद्ध करणारी झाडं’ अशी यादी निघाली ती आजही नर्सरीच्या पाट्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. साध्या इमारतीत बाहेरच्या हवेच्या येण्याजाण्यानं जितकी रसायनं निघून जातात, तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांचं उत्तर आलं. दहा बाय बाराच्या बेडरूमचा सर्वांत कमी हिशेब धरला तरी शंभराच्या वर कुंड्या. तिथे झोपायचं कुठे? खिडकी उघडणं जास्त सोपं आहे. झाडं जरूर ठेवावीत, पण ती बघायला, हात लावायला, नवं पान उलगडताना पाहायला. हवेचं काम हवेवर सोडावं.

वारा आत घ्यावा म्हटलं की शहरात धूळ आणि डास हे दोन आक्षेप लगेच येतात, आणि ते खरे आहेत. डासांचं आधी सांगते, कारण त्यात कुंड्याही गुंतलेल्या आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची बशी ही त्याची आवडती जागा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून बश्यांमध्ये खडी भरावी, किंवा आठवड्यातून एकदा त्या कोरड्या करून घासाव्यात. पावसाळ्यात पालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा पहिली नजर तिथेच जाते. बाटलीतल्या मनीप्लँटचं आणि लकी बांबूचं पाणीही असंच बदलावं. लकी बांबूची तर मोठी गंमत आहे. २००१ मध्ये चीनमधून कॅलिफोर्नियात आलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एडिसचा एक भाऊबंद तिकडे पोचला होता. नशीब आणायला निघालेल्या झाडानं डास नेले. धुळीला मात्र माझ्याकडे जाळी आणि ओलं फडकं यांपलीकडे काही नाही. रस्त्यालगतच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर खिडकी उघडी ठेवा असं मी कुणालाही सांगत नाही. पहाटे दोन तास आणि रात्री नऊनंतर एवढं पुष्कळ होतं.

हवामानाचा फरकही डोक्यात ठेवावा लागतो. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोली गार करायची जुनी रीत आहे. कोरडी गरम हवा त्या ओल्या मुळ्यांमधून येताना पाणी उडवते, स्वतः गार होते आणि वास घेऊन आत येते. एप्रिलमध्ये अकोल्याला याला तोड नाही. हीच ताटी दादरला लावली तर खोलीत फक्त दमटपणा वाढेल, कारण तिथल्या हवेत आणखी पाणी सामावायला जागाच नसते. इंटरनेटवरचे नव्वद टक्के सल्ले कुठल्या तरी थंड देशातल्या, हिवाळ्यात कोरड्या पडणाऱ्या घरांसाठी लिहिलेले असतात. ‘पानांवर रोज पाणी फवारा’ हा त्यातलाच एक. जुलै महिन्यात ठाण्यात तो पाळलात तर पानांवर बुरशीचे ठिपके नक्की.

साहित्याबद्दल या पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. लाकडाच्या छापाचं लॅमिनेट नीट निरखून पाहा. एक गाठ दिसेल. मग तीच गाठ, त्याच रेषांसकट, बाजूच्या शटरवर दिसेल. एकदा दिसली की त्या खोलीत बसल्यावर दुसरं काही दिसत नाही. खऱ्या सागवानात दोन फळ्या सारख्या नसतात, आणि ते हात लागून लागून काळवंडतं, झिजतं, चमकतं. शहाबादी फरशी पायाला गार लागते आणि वर्षानुवर्षं पुसून तिला एक तकाकी चढते, ती कुठलंही पॉलिश देऊ शकत नाही. चौरस फुटाच्या भावात ती गुळगुळीत टाइलपेक्षा स्वस्तही पडते, तरी लोक तिला ‘गच्चीची फरशी’ म्हणून नाक मुरडतात. बांबू घ्यायचा तर सिंधुदुर्गातला माणगा घ्यावा. तो भरीव असतो आणि फर्निचरला टिकतो. मात्र तो बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणातून काढलेला आहे का हे विचारल्याशिवाय घेऊ नये. नाहीतर बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा तुटून पडतो आणि खुर्चीखाली रोज सकाळी पिवळट भुकटीचा ढीग दिसतो. निसर्ग घरात आला म्हणजे भुंगाही आला, हे गृहीतच धरायचं.

मोठ्या प्रमाणावर हे काय रूप घेऊ शकतं ते पाहायचं असेल तर दोन ठिकाणं सांगते. अलिबागजवळ नांदगावला बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं २००७ मध्ये बांधलेलं पाल्मायरा हाउस. नारळीच्या वाडीत उभं, आणि त्याच्या बाहेरच्या भिंती म्हणजे ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांची झडपं. वारा आणि कवडशे त्यातून मोकळे आत येतात. ज्याला निसर्ग आत घेणं म्हणतात ते हे. दुसरं बेंगळुरूच्या विमानतळाचं टर्मिनल २, नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेलं. छताला बांबू, वरून टांगलेल्या बागा. तिथून जाऊन आलेला प्रत्येक दुसरा माणूस मला फोटो दाखवतो आणि ‘असं काहीतरी टीव्हीमागे’ असं म्हणतो. तिथल्या झाडांना वरून उजेड आहे, पाण्याची यंत्रणा आहे आणि सांभाळायला रोजची माणसं आहेत. टीव्हीमागच्या भिंतीवरच्या व्हर्टिकल गार्डनला यातलं काहीच नसतं. उड्डाणपुलांच्या खांबांवरच्या वाळक्या कुंड्यांच्या ओळी पाहिल्या की त्याचं पुढे काय होतं ते कळतं.

पुस्तक ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं वाचावं असा आग्रह आहे. सुरुवात खिडक्या आणि गॅलरीपासून, त्यात डक्टकडे उघडणाऱ्या खिडक्यांचं काय करायचं हेही आहे. समोरची भिंत पांढरी रंगवून घेण्यासारखे उपाय तिथे आहेत, त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना कसं पटवायचं ते मात्र नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण केलं आहे, कारण त्यांना खिळासुद्धा ठोकता येत नाही आणि या विषयावरची पुस्तकं त्यांना मोजतच नाहीत. तुळस हॉलमध्ये का टिकत नाही, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्नही घेतला आहे. तिला रोज चार-पाच तास थेट ऊन लागतं, ती अंगणातली आहे. तिच्यासाठी ग्रिलची बाहेरची कड मोकळी ठेवणं एवढाच उपाय. झाडं शेवटच्या तीन प्रकरणांत येतात.

झाडांची नावं नर्सरीत चालतात तीच ठेवली आहेत, म्हणजे पुस्तक हातात धरून खरेदीला जाता येईल. एक सूचना मात्र आत्ताच देते, ती पुढच्या पानांत विखुरलेली आहे आणि नजरेतून सुटू शकते. मनीप्लँट, डिफेनबॅकिया, पीस लिली, अग्लोनेमा ही सावलीत टिकणारी लोकप्रिय झाडं एकाच कुळातली. त्यांच्या पाना-देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ आणि ओठ सुजतात. मांजरांना, कुत्र्यांनाही हेच होतं. घरात रांगतं मूल असेल तर ही झाडं उंच टांगावीत, नाहीतर सरळ शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यावीत. मूल कळत्या वयाचं झालं की परत मागता येतात, आणि शेजाऱ्यांची खिडकी चांगली असेल तर ती अंगानं भरून येतात.